दोरी द्या, लसूण टांगायचाय!

बसा रे, बसा गं, मांडी घालून बसा. गोष्ट एवढीशी आहे, पण घाईची आहे. मधे उठायचं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक घर. घराला पडवी. पडवीच्या भिंतीत बीळ. बिळात राहायची भिंगरी.

भिंगरी म्हणजे चिचुंद्री. अंगठ्याएवढी. लांब लांब नाक. इवली इवली शेपटी. चालायची तुरुतुरु, तुरुतुरु. बोलायची चिक चिक, चिक चिक.

भिंगरीने परसात लसूण लावला होता. एकटीने. दिवाळी झाली, थंडी पडली, तेव्हा एक एक पाकळी मातीत खोचली. टोक वर, बूड खाली.

मोठे सगळे हसले.

"ही बघा मोठी बागायतदारीण!"

"लसणाएवढी नाही, आणि लसूण लावते!"

"कुजणार बघ सगळा!"

हसायला सगळे आले. पाणी घालायला कुणी आलं नाही.

पण लसूण आला! पात पिवळी पडली. भिंगरीने लसूण उपटला. हुप्पा हुय्या! हुप्पा हुय्या! पांढऱ्या पांढऱ्या, गुबगुबीत गड्ड्या.

आता हा लसूण धुवायचा नाही हं. पात कापायची नाही. नुसती माती झटकायची. झट झट झट! पातीत पात गुंफायची. झाली लसणाची वेणी. वेणीला दोरी बांधायची. दोरी खुंटीवरून टाकायची. ओढायची. वेणी वर! पडवीत सावली, पडवीत वारा. तिथे लसूण हळूहळू वाळतो. वाळला की वर्षभर टिकतो.

आणि भिजला तर?

भिजला तर कुजतो. मऊ होतो. काळा होतो. छी!

भिंगरीने वेणी घातली. दोरी घ्यायला वळली.

दोरी नाही!

आत्ता तर इथे होती. काथ्याची दोरी. भिंगरीने स्वतः वळलेली. कुठे गेली?

फडफड, फडफड!

भिंगरीने वर पाहिलं. शेवग्याच्या झाडावर कावळेकाका. कावळेकाकांच्या चोचीत दोरी!

आणि तिकडे लांब, डोंगराच्या माथ्यावर...

गुर्र.

भिंगरीचं नाक थरथरलं. पावसाचा वास! अवकाळी पाऊस. हा सांगून येत नाही.

लसूण उघड्यावर. बिळात न्यावा, तर बीळ दमट. पडवीत खाली ठेवावा, तर जमीन ओल धरते. टांगायलाच हवा. दोरी हवीच.

भिंगरी गेली शेवग्याखाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कावळेकाका, कावळेकाका, माझी दोरी द्या.
दोरीने टांगीन लसूण,
लसूण राहील कोरडा!"

कावळेकाकांनी दोरी पायाखाली दाबली.

"तुझी कशी? मला सापडली. घरट्याला घेतली."

"सापडली नाही काही! उचललीत!"

"मोठ्यांना उलट बोलतेस? घरटं बांधायचंय मला. आधी बाभळीच्या काटक्या, मग बघू!"

मग बघू! मोठे 'मग बघू' म्हणाले की काय समजायचं, ठाऊक आहे ना? 'नाही' समजायचं.

दोरी भिंगरीची. उचलली काकांनी. आणि पळायचं कुणी? भिंगरीनेच! असा न्याय.

पण भांडायला वेळ कुठे होता? डोंगरावर पुन्हा झालं, गुर्र गुर्र.

भिंगरी पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. बांधावर बाभूळआजी उभी. अंगभर वाळक्या काटक्या.

"बाभूळआजी, बाभूळआजी, काटक्या द्या.
बाभूळ देईल काटक्या,
काटक्या कावळ्याला,
कावळा देईल दोरी,
दोरीने टांगीन लसूण,
लसूण राहील कोरडा!"

"अगं बाळ," बाभूळआजी कण्हली, "मला कुठे वाकता येतं आता? आमच्या वेळी पोरं स्वतः चढायची."

"आजी, तुम्हाला काटे आहेत!"

"ते आहेतच. म्हैस पाठ घासते ना, तेव्हा काटक्या पडतात. आधी म्हशीने पाठ घासू दे, मग बघू!"

गुर्र गुर्र. गुड गुड.

भिंगरीने मागे वळून पाहिलं. परस लांब राहिला. लसूण पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसत होता. एकटाच.

भिंगरी पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. माळावर म्हैसमावशी बसली होती. रवंथ करत. चावत चावत, चावत चावत.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, पाठ घासा.
म्हैस घासेल बाभूळ,
बाभूळ देईल काटक्या,
काटक्या कावळ्याला,
कावळा देईल दोरी,
दोरीने टांगीन लसूण,
लसूण राहील कोरडा!"

"दिसत नाही का गं? कामात आहे मी," म्हैसमावशी म्हणाली. आणि चावत बसली.

"कुठल्या कामात?"

"बसलेय ना!"

"मावशी, पाऊस येतोय हो!"

"येऊ दे. मला काय त्याचं? मला खाज सुटली की मी पाठ घासते. डुंबले की खाज सुटते. आधी डबक्यात पाणी, मग बघू!"

गुड गुड. गुड गुड. आता वाराही सुटला. सूंऽऽ सूंऽऽ.

भिंगरी पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखले. थांबली नाही. पुढे डबकेआजोबा. कोरडे ठाक. अंगभर भेगा.

"डबकेआजोबा, डबकेआजोबा, पाणी भरा.
डबक्यात डुंबेल म्हैस,
म्हैस घासेल बाभूळ,
बाभूळ देईल काटक्या,
काटक्या कावळ्याला,
कावळा देईल दोरी,
दोरीने टांगीन लसूण,
लसूण राहील कोरडा!"

"पाणी?" डबकेआजोबा म्हणाले. "अगं, पाणी होतं ते माझ्यात! काय सांगू तुला! एकेकाळी अख्खा गाव यायचा. बगळे यायचे. बदकं यायची. त्या वर्षी तर..."

"आजोबा, पाऊस!"

"मधे बोलू नये! हं, तर त्या वर्षी बेडूक एवढे, एवढे..."

आजोबा बेडूक सांगतायत. आभाळ काळं होतंय. आजोबा बगळे सांगतायत. आभाळ आणखी काळं होतंय. भिंगरी एका पायावरून दुसऱ्या पायावर. दुसऱ्यावरून पहिल्यावर.

शेवटी डबकेआजोबा म्हणाले, "तर असं होतं. आता आधी ओढ्याला वाहू दे, मग बघू!"

आधी सांगायचं ना!

भिंगरी पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दगडांच्या खाली ओढेमामा झोपलेले. घुर्रर्र फूस. घुर्रर्र फूस.

"ओढेमामा, ओढेमामा, वाहा.
ओढा भरेल डबकं,
डबक्यात डुंबेल म्हैस,
म्हैस घासेल बाभूळ,
बाभूळ देईल काटक्या,
काटक्या कावळ्याला,
कावळा देईल दोरी,
दोरीने टांगीन लसूण,
लसूण राहील कोरडा!"

घुर्रर्र फूस.

"मामाऽऽऽ!"

"कोण ते?" ओढेमामांनी एक डोळा उघडला. "चिचुंद्री? वास येतोय तुझा. लांब हो."

"वास असू दे. उठा!"

"लहान तोंडी मोठा घास! कशाने वाहू? थेंब नाही अंगात. आधी डोंगरावर ढगाला पडू दे, मग बघू!"

घुर्रर्र फूस.

ढग!

भिंगरीला रडूच आलं. ज्या ढगाला ती भीत होती, त्याच्याचकडे जायचं?

पण रडून दोरी मिळते का? नाही मिळत. भिंगरीने नाक पुसलं. चढली डोंगर. दगडावरून दगडावर. टुण टुण, टुण टुण. घसरली. पुन्हा चढली. माथ्यावर ढगोबा बसले होते. काळे. गलेलठ्ठ.

गुडगुड! गुडगुड! गुडगुड!

भिंगरी एवढीशी. ढगोबा एवढेऽऽऽ. तरी ती म्हणाली,

"ढगोबा, ढगोबा, डोंगरावर पडा.
ढग भरेल ओढा,
ओढा भरेल डबकं,
डबक्यात डुंबेल म्हैस,
म्हैस घासेल बाभूळ,
बाभूळ देईल काटक्या,
काटक्या कावळ्याला,
कावळा देईल दोरी,
दोरीने टांगीन लसूण,
लसूण राहील कोरडा!"

"पडतो की!" ढगोबा गडगडले. "आत्ता पडतो! तुझ्या परसापासूनच सुरू करतो!"

"नको! नको! परसात नको! लसूण उघड्यावर आहे!"

"पड म्हणतेस, नको म्हणतेस. मी मोठा ढग आहे. एवढंतेवढं बघत नसतो."

भिंगरीला आला राग. खूप राग. पायापासून नाकापर्यंत राग.

"मग बघा आता!" ती ओरडली. "बघायला काय पैसे पडतात? खाली वाका आणि बघा!"

ढगोबांना असं कुणी बोललं नव्हतं. ते वाकले. खाली परस. परसात लसणाची वेणी. पांढरी पांढरी. इवली इवली.

"तुझी आहे ती?"

"माझी आहे."

ढगोबांनी थोडा विचार केला.

"बरं. आधी डोंगरावर पडतो. पण मला वारा ढकलतो, पोरी. थांबता येत नाही मला. मी निघालो की परसात येणारच. तू पळ."

आणि ढगोबा पडले!

धो धो! धो धो!

भिंगरी पळाली. पाऊस मागे, भिंगरी पुढे. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

ढगाने भरला ओढा. खळखळ, खळखळ! ओढेमामा खडबडून जागे झाले. "अरे! अरे! कोण? काय?" भिंगरीला दिसलं पळसाचं पान. टुणकन बसली पानावर. पान निघालं. गरगर, गरगर. धरून बस, भिंगरी! पडू नकोस!

ओढ्याने भरलं डबकं. डबडब, डबडब! "बघा, म्हटलं नव्हतं?" डबकेआजोबा म्हणाले. कधी म्हटलं होतं? कुणाला ठाऊक. भिंगरी पानावरून उतरली.

डबक्यात डुंबली म्हैस. डुबुक! नाकापर्यंत आत.

"आता पाठ घासा, मावशी!"

"थांब गं. छान वाटतंय."

"मावशी, पाऊस आला!"

"थोडा वेळ."

"मावशी!"

"अजून थोडा वेळ."

धो धो आवाज जवळ आला. माळावर आला. आता?

भिंगरीने म्हशीची शेपटी धरली. आणि चावली. कच्च!

मोठ्यांना चावू नये म्हणतात. कोण म्हणतं? मोठेच म्हणतात.

"आई गंऽऽ!" म्हैस उठली. म्हैस पळाली. थाड थाड, थाड थाड! शेपटीला लोंबकळत भिंगरी. झुईऽऽ इकडे, झुईऽऽ तिकडे.

म्हशीने घासली बाभूळ. खसाखसा, खसाखसा!

बाभळीने दिल्या काटक्या. कडकड, पटपट! कडकड, पटपट!

आवाज ऐकून कावळेकाका आले. फडफड, फडफड. काटक्या बघून डोळे चमकले. चोचीतली दोरी टाकली. काटकी उचलली.

भिंगरीने दोरीवर उडी मारली. पोटाला गुंडाळली. मिळाली दोरी!

पण परस लांब. पाऊस जवळ. वळून पाहिलं तर पांढरी भिंत चालत येत होती. धो धो धो!

"काका, मला उचला. परसात न्या!"

"दोरी दिली ना? झालं माझं काम. आधी काटक्या नेतो, मग..."

"आधी नाही!" भिंगरी ओरडली. "मग नाही! आत्ता! दोरी तुम्ही नेलीत, म्हणून वेळ गेला. उडा!"

कावळेकाकांनी मावशीकडे पाहिलं. मावशी शेपटी चाटत होती.

"ऐक बाबा तिचं," म्हैसमावशी म्हणाली. "चावते ती."

कावळेकाकांनी काटकी टाकली. दोरी चोचीत धरली. खाली भिंगरी लटकली. फडफड, फडफड! खाली बांध गेला. खाली वाट गेली. खाली शेवगा आला.

परस!

टप.

एक थेंब. भिंगरीच्या नाकावर.

"गाठ मार, गाठ मार!" काका म्हणाले.

भिंगरीने दोरी वेणीला गुंडाळली. एक गाठ. सुटली! पुन्हा. एक गाठ. दोन गाठी. बसली!

टप टप.

दोरी घेऊन काका उडाले. खुंटीवरून टाकली. एका टोकाला वेणी, दुसऱ्या टोकाला काका आणि भिंगरी.

"ओढ!"

"हुप्पा हुय्या!"

"ओढ!"

"हुप्पा हुय्या!"

टप टप टप टप.

वेणी सरकली. वेणी उचलली. एक गड्डी निसटली, परसात गडगडली. जाऊ दे! ओढा! वेणी वर, आणखी वर, पडवीच्या आत, पत्र्याच्या खाली...

धो धो! धो धो! धो धो!

पाऊस आला. परस भिजला. शेवगा भिजला. कावळेकाकांची शेपटी भिजली.

आणि लसूण?

लसूण कोरडा!

भिंगरीने दोरीचं टोक घट्ट बांधलं आणि ती खाली बसली. नाक वर करून वेणीकडे बघत राहिली.

थोड्या वेळाने पाऊस थांबला. म्हैसमावशी आली. पडवीत डोकं घालून उभी राहिली.

"माझ्यामुळे वाचला हो लसूण," मावशी म्हणाली. "मी पाठ घासली."

"मी टांगला," कावळेकाका म्हणाले.

"काटक्या माझ्या!" बांधावरून बाभूळआजी म्हणाली.

"मी भरलो म्हणून!" डबकेआजोबा म्हणाले.

"मी वाहिलो म्हणून!" ओढेमामा म्हणाले. आणि झोपले.

भिंगरी उठली. पुढे आली. एवढीशी.

"लसूण कुणी लावला?" तिने विचारलं.

बाभूळआजी दुसरीकडे बघू लागली.

"दोरी कुणी वळली?"

म्हैसमावशी चावायची थांबली.

"आणि दोरी कुणी उचलली?"

कावळेकाका पंख खाजवू लागले. इकडे खाजवलं. तिकडे खाजवलं.

"बोला की, काका."

"मी," कावळेकाका पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"मी! मी उचलली. दोरी तुझी होती. चुकलं माझं."

आभाळातून ढगोबा हसले. खो खो खो! चार थेंब पडले. तेही परसाच्या पलीकडे. आता ते बघून पडत होते.

परसात पडलेली गड्डी भिजली होती. भिजलेला लसूण ठेवत नाहीत. लगेच खातात. भिंगरीने ती सोलली. मीठ घालून ठेचली. ठक ठक, ठक ठक. भाकरीच्या तुकड्याला लावली आणि खाल्ली. तिखट! नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. पुन्हा खाल्ली.

वर खुंटीला वेणी. वारा आला की हलायची. रोज थोडी वाळायची. आधी पात वाळली. मग मुळं वाळली. मग सालं वाळली, कागदासारखी झाली. खुसखुस, खुसखुस. आता ऊन येवो, पाऊस येवो, वर्षभर काळजी नाही. भिंगरी खाली बिळात, शेपटी नाकावर घेऊन, गाढ झोपली.

लसूण वाळला, साल सुटलं,
गोष्ट होती ती सांगून झाली.
हातावर घ्या, फुंकर मारा,
फूऽऽऽ!
उडून गेली.